टाकी गप्प आहे, म्हणजे ठीक आहे असं नाही

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, भांडी घासताना कानात हेडफोन असतील, तर ऐकत राहा. ऐकायला वेळ नाही म्हणून हे वाचत असाल, तरी हरकत नाही. बोललो तसंच लिहून काढलंय, त्यामुळे वाक्यं थोडी बोलभाषेतली वाटतील. सांभाळून घ्या.

आजचा विषय जरा वेगळा आहे. एक रसायन आहे, विषारीही आणि ज्वलनशीलही. ते सांभाळायचं कसं, यावर बोलायचंय. आता तुम्ही म्हणाल, तू सॉफ्टवेअरवाला, तुझा केमिकलशी काय संबंध? संबंध आहे. मी एक चूक केली होती, आणि ती माझ्या लक्षात आली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात आली. ती गोष्ट मी शेवटाकडे सांगेन. आधी रसायनाची ओळख करून घेऊ.

त्याचं नाव स्टायरीन.

नाव ऐकलं नसेल, पण ते तुमच्या घरात आहे. फ्रिजचा दरवाजा उघडा, आतलं पांढरं प्लास्टिक बघा. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आठवा. गणपतीचं मखर थर्माकोलचं असायचं, ते आठवा. हे सगळं पॉलिस्टायरीन. म्हणजे स्टायरीनचे रेणू एकापुढे एक जोडत जोडत केलेली लांबच लांब साखळी. साखळी तयार झाली की ते घट्ट, निवांत प्लास्टिक असतं. साखळी होण्याआधीचं स्टायरीन मात्र पातळ, पाण्यासारखं वाहणारं, किंचित गोडसर वासाचं द्रव असतं. आणि ते अजिबात निवांत नसतं.

तीन स्वभाव

स्टायरीनचे तीन स्वभाव लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिला स्वभाव, ते पेटतं. त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण ३१ अंश सेल्सिअस. फ्लॅश पॉइंट म्हणजे असं तापमान, जिथे द्रवाच्या पृष्ठभागावर इतकी वाफ जमते की ठिणगी मिळाली तर ती भडकेल. आता ३१ अंश म्हणजे काय? आपल्याकडे मे महिन्यातली कुठलीही साधी दुपार. म्हणजे उन्हाळ्यात हे द्रव उघड्यावर असेल, तर पेटायची तयारी करूनच बसलेलं असतं. हवेत त्याची वाफ एक टक्क्याच्या आसपास पोचली की पुरे. म्हणून टँकर रिकामा करताना आधी अर्थिंगची क्लिप लावतात, मग नळी जोडतात. पाइपमधून द्रव वेगाने वाहिलं की घर्षणाने स्थिर वीज साठते. स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच. तेवढी ठिणगी इथे पुरते.

दुसरा स्वभाव, ते विषारी आहे. वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. जास्त झाली की चक्कर, मळमळ, मग शुद्ध हरपणं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षेच्या नायॉश संस्थेने ७०० पीपीएम ही पातळी जीवाला तातडीचा धोका मानली आहे. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती. म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत फक्त ७०० भाग. आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्टायरीनला बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकलं. वाफ हवेपेक्षा साडेतीन पटींहून जड. वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. गटारात उतरते, सखल वस्तीत शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या नाकाशी येते.

तिसरा स्वभाव सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच बहुतेकांना माहीत नसतो. स्टायरीन स्वतःशीच जोडलं जातं. कुणी काही न करता. टाकीत नुसतं ठेवलं तरी त्याचे रेणू हळूहळू एकमेकांना धरायला लागतात. आणि प्रत्येक जोडणीत उष्णता बाहेर पडते. उष्णता वाढली की जोडणीचा वेग वाढतो. वेग वाढला की उष्णता आणखी वाढते. आपण सॉफ्टवेअरवाले याला लूप म्हणतो, आणि या लूपला बाहेर पडायची अटच नाही. साधारण ६५ अंशांच्या पुढे गेलं की ते हाताबाहेर जातं. मग ते १४५ अंशांना उकळतं, आणि टाकीच्या वरच्या तोंडातून वाफ बाहेर पडते.

म्हणजे बघा, पेट्रोलची टाकी तुम्ही नीट बंद करून महिनाभर विसरलात, तर महिन्यानंतरही ते पेट्रोलच असेल. स्टायरीनची टाकी तुम्हाला विसरता येत नाही.

मग ते ठेवतात कसं?

दोन गोष्टींनी. एक म्हणजे थंडावा. टाकीतलं द्रव पंपाने बाहेर काढायचं, चिलरमधून फिरवायचं, थंड करून परत टाकीत सोडायचं. वीस अंशांच्या आत ठेवलं तर बरं.

दुसरी गोष्ट म्हणजे औषध. टीबीसी नावाचं रसायन, पूर्ण नाव टर्शरी ब्युटाइल कॅटेकॉल. ते अगदी थोडं घालतात, दहा-पंधरा पीपीएम. जोडायला निघालेल्या रेणूंना ते मध्येच पकडतं आणि साखळी तोडतं. गर्दीत भांडण सुरू व्हायच्या आत दोघांना बाजूला घेणारा एखादा शहाणा माणूस असतो ना, तसं. मात्र हे काम करताना टीबीसी खर्च होतं. थंडीत ते महिने पुरतं. चाळीस अंशांच्या वर दिवसांत संपतं. म्हणून दर काही दिवसांनी नमुना काढून किती उरलंय ते तपासायचं आणि कमी पडलं की घालायचं.

यात दोन मेख आहेत. दोन्ही मला फार शिकवून गेल्या.

पहिली, टीबीसीला काम करायला द्रवात विरघळलेला थोडा ऑक्सिजन लागतो. म्हणजे एखाद्याने 'आग नको' म्हणून टाकीत नुसता शुद्ध नायट्रोजन भरला, तर आगीचा धोका कमी होईल, पण औषध लागूच पडणार नाही. एका धोक्यावरचा उपाय दुसऱ्या धोक्याचं दार उघडतो. म्हणून इथे अर्ध्या ज्ञानावर काहीही करायचं नाही.

दुसरी मेख म्हणजे टीबीसीची वाफ होत नाही. स्टायरीनची होते. ती वाफ टाकीच्या छताला लागून थेंब बनते, आणि त्या थेंबात टीबीसी नसतं. म्हणून छताला आतून पॉलिमरचे कोंब लोंबायला लागतात, गुहेत दगडाचे लोंबतात तसे. ते टाकीचा श्वास घेण्याचा मार्ग, म्हणजे व्हेंट, बुजवू शकतात. खाली सगळं शुद्ध, नमुना उत्तम, आणि वर छताला आजार.

हे 'खाली ठीक, वर आजार' मनात ठेवा. आता विशाखापट्टणमला जाऊ.

७ मे २०२०

आठवतंय ना, तेव्हा आपण सगळे लॉकडाऊनमध्ये होतो. आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमजवळ आर. आर. वेंकटापुरम नावाची वस्ती. तिथे एलजी पॉलिमर्सचा कारखाना. थर्माकोल आणि पॉलिस्टायरीनचा कच्चा माल बनवणारा. मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागला, उत्पादन थांबलं. टाक्या भरलेल्याच राहिल्या. त्यातली एक एम-६. जुनी, मोठी, स्टायरीनने भरलेली.

७ मेच्या पहाटे तीनच्या सुमारास त्या टाकीतून वाफ बाहेर पडायला लागली. गाव झोपेत होतं. उन्हाळा म्हणून कितीतरी जण दारं-खिडक्या उघड्या ठेवून झोपलेले. डोळे चुरचुरून, श्वास कोंडून लोक जागे झाले आणि धावत सुटले. काही रस्त्यातच कोसळले. गुरं दावणीला मेली. १२ माणसं गेली, शेकडो रुग्णालयात पोचली.

मदतीसाठी आपल्या पुण्याहून एनडीआरएफचं रासायनिक आपत्तीचं खास पथक आणि नागपूरच्या नीरीचे तज्ज्ञ पाठवले गेले. आणि गुजरातमधून विमानाने काय आणलं माहितीये? तेच औषध. टीबीसी. जे टाकीत आधीपासून पुरेसं असायला हवं होतं, ते माणसं मेल्यावर विमानाने आलं.

त्या रात्री एक गोष्ट घडली नाही. ठिणगी पडली नाही. ती पडली असती तर आज मी वेगळाच आकडा सांगत असतो.

पुढे आंध्र सरकारने उच्चाधिकार समिती नेमली. जुलै २०२० मध्ये तिचा अहवाल आला. समितीने अपघाताची २१ कारणं मांडली आणि त्यातल्या २० कारणांची जबाबदारी कंपनीच्या व्यवस्थापनावर ठेवली. मी सगळी वाचून दाखवत नाही. चारच सांगतो.

एक. चिलर चोवीस तास चालत नव्हता. संध्याकाळी बंद व्हायचा, सकाळी सुरू व्हायचा.

दोन. टीबीसी पुरेसं घातलं जात नव्हतं, आणि विरघळलेल्या ऑक्सिजनवर लक्ष ठेवायची सोय नव्हती. द्रवात पॉलिमर किती झालंय हे मोजलं जायचं, पण मालाचा दर्जा म्हणून. तोच आकडा टाकी तापत असल्याची चाहूल आहे, या नजरेने त्याच्याकडे बघितलं जात नव्हतं.

तीन. डिसेंबर २०१९ मध्ये टाकीच्या पाइपिंगमध्ये बदल केला होता. त्यानंतर थंड केलेलं द्रव वरपर्यंत नीट फिरेनासं झालं. पंप चालू, चिलर चालू, पण गारवा तळाशीच घोळत राहायचा.

आणि चार. टाकीचं तापमान मोजायची सोय तळाशी होती. वर नव्हती.

आता सोलर वॉटर हीटर आठवा. गरम पाणी टाकीत वर बसतं, थंड खाली. द्रवाचा हा साधा धर्म आहे. मग एम-६ मध्ये काय झालं असेल? थंड द्रव खाली, तिथेच गारवा, तिथेच थर्मामीटर. वर द्रव तापत चाललंय, साखळ्या जोडल्या जातायत, उष्णता साठतेय. आणि लॉगबुकमध्ये रोज थंडगार आकडा लिहिला जातोय.

तो आकडा खोटा नव्हता. तळाशी खरंच थंड होतं. ज्या माणसाने तो लिहिला, त्याने खरं तेच लिहिलं. माझ्या अंगावर काटा आला तो इथे.

भोपाळची आठवण

भोपाळबद्दल आपण शाळेपासून ऐकतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र, युनियन कार्बाइडचा कारखाना, मिथाइल आयसोसायनेट. तेही विषारी, तेही ज्वलनशील, तेही थंड ठेवायचं रसायन. आणि तिथली थंड ठेवणारी यंत्रणा अपघाताच्या कितीतरी महिने आधीपासून बंद होती. पस्तीस वर्षांनी, दुसरं राज्य, दुसरी कंपनी, दुसरं रसायन, आणि पुन्हा बंद असलेला चिलर.

मी विचार करायचो, लोक असं का करतात? वाईट माणसं असतात म्हणून? बहुतेक वेळा तसं नसतं. चिलर बंद केला आणि त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या रात्रीही काही झालं नाही. विजेचं बिल कमी आलं. शंभर रात्री काही झालं नाही, की मग ते चूक वाटेनासं होतं. तीच पद्धत बनते. नवीन आलेल्या पोराला तेच शिकवलं जातं, 'आपल्याकडे संध्याकाळी बंद करतात.'

आता माझी गोष्ट

बीटेक झाल्यावर माझी नोकरी अशा कंपनीत लागली, जी कारखान्यांसाठी डॅशबोर्ड बनवते. टाक्यांवरचे सेन्सर, त्यांचे आकडे, अलार्म, सगळं एका पडद्यावर. एका एमआयडीसीतल्या कारखान्याचं काम माझ्याकडे आलं. नाव सांगणार नाही. त्यांच्याकडे स्टायरीनच्याच स्वभावाचं, स्वतःशी जोडलं जाणारं एक द्रव होतं. आणि त्यांचं कौतुक करायला हवं, कारण त्यांनी टाकीला तीन ठिकाणी थर्मामीटर बसवले होते. तळाशी, मध्ये आणि वर.

मी काय केलं? तीन आकडे पडद्यावर गर्दी करतात म्हणून त्यांची सरासरी काढली. एकच मोठा आकडा. ठीक असेल तर हिरवा, नसेल तर लाल. शिवाय एक हुशारी केली. तिन्हीपैकी एखादा आकडा बाकी दोघांपेक्षा पाच अंशांहून जास्त वेगळा आला, तर तो सेन्सर बिघडलाय असं समजून सरासरीतून वगळायचा. कॉलेजात शिकलो होतो, आउटलायर काढून टाकायचा. डेमो झाला. साहेब लोक खूश. 'किती स्वच्छ दिसतंय!' म्हणाले.

तीन आठवड्यांनी मी तिथे एका किरकोळ कामासाठी गेलो होतो. कंट्रोल रूममध्ये शिफ्टचे एक जुने ऑपरेटर होते. निवृत्तीला आलेले. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. ते मला साहेब म्हणायचे, मी कितीही नको म्हटलं तरी.

ते म्हणाले, "साहेब, तुमच्या पडद्यावर सोळा दाखवतंय."

मी म्हटलं, "हो काका. हिरवं आहे. ठीक आहे."

"पण मी आत्ताच वर जाऊन आलो. वरच्या गेजवर चोवीस आहे."

मी सहज बोलून गेलो, "मग वरचा सेन्सर खराब असेल. सिस्टीमने त्याला बाजूला काढलंय."

काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, सेन्सर खराब असेल तर वायरीतून येणारा आकडा चुकेल. मी बघितलं ते वेगळं गेज आहे, काट्याचं. त्याला तुमची वायर नाही. तेही चोवीसच सांगतंय. दोघं मिळून खोटं बोलतायत का?"

मी गप्प.

त्यांनी फोन उचलला, प्लँटमधल्या साहेबांना कळवलं, द्रव फिरवायचा दुसरा पंप सुरू करायला लावला आणि लॅबला वरचा नमुना काढायला सांगितला. पंपाच्या गाळणीत कचरा अडकून प्रवाह मंदावला होता. गारवा तळाशी घोळत होता. दोन-तीन तासांत वरचं तापमान खाली आलं. बस्स. काही झालं नाही. कुठे बातमी नाही, कुणाला इजा नाही. चोवीस अंश म्हणजे काही स्फोट होणारं तापमान नव्हतं, तेही खरं. पण ते रोज चढत होतं, आणि रोज माझा पडदा हिरवा होता.

घरी येऊन मी माझा कोड उघडून बघितला. त्यात तांत्रिक चूक एकही नव्हती. सगळं जसं लिहिलं होतं तसंच चालत होतं. चूक माझ्या समजुतीत होती. एकच गोष्ट मोजायला तीन सेन्सर लावले असतील, तर दोघांचं ऐकून तिसऱ्याला वगळणं बरोबर आहे. पण हे तिघं एकच गोष्ट मोजत नव्हते. तळ, मध्य आणि माथा, या तीन वेगळ्या जागा. तिसरा वेगळं बोलत होता, कारण त्याच्याकडे वेगळं सांगण्यासारखं होतं. आणि मी असा नियम लिहिला होता की जो वेगळं बोलेल त्याचं तोंड बंद.

विशाखापट्टणममध्ये वर थर्मामीटर नव्हता. इथे होता, आणि मी तो पुसून टाकला होता.

त्यानंतर आम्ही पडदा बदलला. तीन आकडे, तीन वेगळ्या ओळी, आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, तळ आणि माथ्यातला फरक. फरक वाढला की अलार्म. सेन्सर खराब वाटला तर तो गायब होत नाही, पिवळा होऊन तिथेच राहतो, कुणीतरी जाऊन बघेपर्यंत. पडदा आता पूर्वीइतका सुंदर दिसत नाही. काकांना मात्र आवडला. म्हणाले, "आता कसं, टाकीसारखी टाकी दिसते."

तुमच्यासाठी

आता तुम्ही म्हणाल, मी ना ऑपरेटर, ना इंजिनिअर, मला याचा काय उपयोग? तर ऐका. आपल्यापैकी कितीतरी जण डोंबिवली, तळोजा, तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ अशा ठिकाणी किंवा आसपास राहतो. कुणाचे बाबा कारखान्यात जातात, कुणाची मावशी तिथे जेवणाचे डबे देते. म्हणून काही कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट तुमच्या हक्काची आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात बदल झाला आणि कलम ४१-ब आलं. कारखान्यात कोणती घातक रसायनं आहेत, त्यांचा धोका काय आणि काळजी काय घ्यायची, हे कामगारांना आणि आसपासच्या लोकांना सांगणं मालकावर बंधनकारक आहे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांप्रमाणे मोठ्या धोक्याच्या कारखान्याला आतला आपत्कालीन आराखडा ठेवावा लागतो आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम करावी लागते. बाहेरच्या वस्तीसाठीचा आराखडा जिल्हा प्रशासनाचा, आणि त्याची तालीम वर्षातून किमान एकदा. तुमच्या भागात अशी तालीम शेवटची कधी झाली? घरात विचारा. कुणालाच आठवत नसेल, तर ग्रामपंचायतीत किंवा नगरसेवकाला विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट भोंग्याची. विशाखापट्टणमच्या कारखान्यात समितीला ३६ ठिकाणी सायरनची बटणं आढळली, अगदी गेटवरसुद्धा. एकही दाबलं गेलं नाही. तुमच्या भागातल्या कारखान्याचा भोंगा शिफ्टचा कोणता आणि धोक्याचा कोणता, हे माहीत करून घ्या. घरातल्या आजी-आजोबांनाही सांगा.

तिसरी, वायू सुटलाच तर. वारा कुठून वाहतोय ते बघा. झाडाची पानं, वाळत घातलेले कपडे, गच्चीवरचा झेंडा, काहीही चालेल. वाऱ्याच्या पाठीला लागून पळू नका, कारण ढगही त्याच दिशेने येतोय. वाऱ्याला आडवं जा, डावीकडे किंवा उजवीकडे, आणि शक्यतो उंचावर. नाला, सखल रस्ता, भुयारी मार्ग टाळा, कारण जड वाफ तिथेच साचते. बाहेर पडणं शक्य नसेल तर खिडक्या बंद, एसी आणि पंखे बंद, फटींना ओले कपडे, आणि तळमजल्यापेक्षा वरचा मजला बरा. ढग अंगावर आलाच असेल तर काडी, लायटर, गाडीची किक, काहीही नको. प्रशासन सूचना देत असेल तर ती पाळा. फोन ११२.

ओल्या रुमालाबद्दल एक सांगतो. तो बांधा, डोळ्या-घशाला थोडं बरं वाटेल. पण रुमाल बांधलाय म्हणून ढगात थांबू नका. स्टायरीन पाण्यात जेमतेम विरघळतं. रुमाल म्हणजे मास्क नाही. तो फक्त चार पावलं जास्त चालायला मदत करेल, तेवढंच. आणि वास यायचा थांबला म्हणून धोका टळला असं धरू नका. नाक वासाला सरावतं.

बाहेर आल्यावर अंगावरचे कपडे काढा, भरपूर पाण्याने अंग आणि डोळे धुवा, आणि डॉक्टरकडे जा, बरं वाटत असलं तरी.

चौथी गोष्ट माझ्यासारख्या पोरांसाठी, जे कोड लिहितात, ॲप बनवतात, आकडे दाखवतात. कुठलाही हिरवा दिवा लावताना स्वतःला विचारा, हा दिवा नक्की कशाबद्दल सांगतोय? तळाबद्दल की माथ्याबद्दल? आणि जो आकडा मी 'विचित्र' म्हणून फेकतोय, तो बघायला कुणी जिन्याने वर जाऊन आलंय का?

काका वर जाऊन आले होते. त्यांच्या कामाच्या यादीत ते नव्हतं. सिस्टीम आली तेव्हा गेजवर चढायची फेरी बंद झाली होती, कारण आता पडद्यावर सगळं दिसत होतं. मी नंतर त्यांना विचारलं, "काका, फेरी बंद झाली होती ना, मग तुम्ही कशाला वर गेलात?"

ते म्हणाले, "तीस वर्षं जातोय. एक दिवस नाही गेलो तर जेवण जात नाही."

आता ते निवृत्त झालेत. ती फेरी आम्ही पुन्हा यादीत घातली आहे. प्रत्येक शिफ्टला एकदा, माणसाने स्वतः वर जायचं, डोळ्यांनी गेज बघायचं आणि आकडा हाताने लिहायचा. हाताने लिहिलेला आणि पडद्यावरचा आकडा जुळला नाही, तर आधी पडद्यावर संशय घ्यायचा. हा नियम मी स्वतः लिहिलाय. आजवर लिहिलेल्या सगळ्या कोडपेक्षा मला तोच जास्त कामाचा वाटतो.

तर मित्रांनो, आज इतकंच. तुमच्या घरातलं कुणी कारखान्यात काम करत असेल, तर आज रात्री जेवताना त्यांना एवढंच विचारा, 'तुमच्याकडे टाकीत काय असतं, आणि ते थंड ठेवणारं मशीन रात्री चालू असतं का?' ते काय सांगतात ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.